मिलर परिणाम

मिलर परिणाम : कला उलटवणाऱ्या विवर्धकात निवेश व प्रदान यांना जोडणारी धारिता निवेशाकडून पाहता कित्येक पटींनी मोठी भासते, तो परिणाम. अमेरिकेतील जॉन मिल्टन मिलर यांनी तो ट्रायोड निर्वात नलिकेच्या संदर्भात मांडला; त्यांचा निबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रान्झिस्टर विवर्धकाची उच्च वारंवारतेची मर्यादा बहुधा हाच परिणाम ठरवतो.

कारण : कॉमन-एमिटर जोडणीत बेसचा व्होल्टेज किंचित चढला की कलेक्टरचा विवर्धनाच्या पटीत उतरतो. त्यामुळे बेस-कलेक्टर धारितेच्या दोन टोकांमधला व्होल्टेज बेसवरील बदलाच्या (१ + विवर्धन) पट बदलतो आणि तेवढा विद्युतभार स्रोताला पुरवावा लागतो.

उदाहरण : कलेक्टर प्रवाह १ मिलिअँपिअर असता ट्रान्सकंडक्टन्स सुमारे ०.०४ सीमेन्स असतो. भाररोध ५ किलोओहम घेतल्यास विवर्धन २०० पट होते. बेस-कलेक्टर धारिता अवघी २ पिकोफॅरड असली, तरी बेसपाशी ती २ × २०१ = ४०२ पिकोफॅरड भासते. बेस-एमिटर धारिता २० पिकोफॅरड धरता बेरीज ४२२ होते. स्रोतरोध १ किलोओहम व बीटा १०० असल्यास बेसपाशी परिणामी रोध सुमारे ७१४ ओहम येतो आणि छेद-वारंवारता सुमारे ५३० किलोहर्ट्झ. मिलर परिणाम नसता, तर ती १० मेगाहर्ट्झच्या आसपास गेली असती. म्हणून डेटाशीटमधील धारितेचा आकडा लहान दिसला तरी ती मंडलात कुठे बसली आहे, हे आधी पाहावे लागते.

मर्यादा : या रीतीत मध्य-वारंवारतेचे विवर्धन स्थिर धरलेले असते. प्रदानाकडील धारिता मोठी असल्यास उत्तर फसवे ठरते. तेव्हा प्रत्येक धारितेचा कालांक स्वतंत्र काढून बेरीज करण्याची रीत अधिक भरवशाची.

उपाय व उपयोग : कॅस्कोड जोडणीत खालच्या ट्रान्झिस्टरचे विवर्धन सुमारे १ राहते, वरील उदाहरणात निवेशाची मर्यादा त्यामुळे ९ मेगाहर्ट्झच्या पुढे जाते. स्रोत व बेस यांच्यामध्ये एमिटर फॉलोअर घातल्यानेही लाभ होतो. उलट, ७४१ या ऑप-अँपमध्ये हाच परिणाम मुद्दाम वापरला आहे. चिपवरचा ३० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर त्यामुळे हजारो पिकोफॅरडसारखा वागतो आणि ऋण प्रतिपोषण दिल्यावरही मंडल आंदोलित न होता स्थिर राहते.