नदीमुखातील जलाभिसरणाचे प्रतिमान

नदीमुखात गोडे व खारे पाणी कसे फिरते आणि जुन्या पाण्याची जागा नवे पाणी किती काळात घेते, हे गणिताने मांडण्याची पद्धती. हलके गोडे पाणी वरून समुद्राकडे सरकते, जड खारे पाणी तळाने आत शिरते. भरती-ओहोटी व वारा त्यांची सरमिसळ करतात. पाणी, संवेग व क्षार यांच्या अक्षय्यतेची समीकरणे संगणकावर सोडवून प्रवाह आणि क्षारता काढतात. पाणी बदलण्याचा काळ म्हणजे पाण्याचे घनफळ भागिले ओहोटीचा प्रवाह, असा ढोबळ हिशेब फसवा ठरतो, कारण बाहेर गेलेले काही पाणी पुढच्या भरतीबरोबर परत येते.

नदीमुखाकडे येणारे पाणी दूरच्या प्रदेशातूनही येते. छत्तीसगडमधील रायपूर समुद्रापासून दूर असले, तरी तेथील खारून नदीचे पाणी शिवनाथमार्गे महानदीत जाते. महानदीच्या दया, भार्गवी या शाखा ओडिशातील चिल्का सरोवरास मिळतात. गाळामुळे समुद्राशी असलेला त्याचा संबंध क्षीण होऊन क्षारता घटली होती. पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राच्या प्रतिमान-अभ्यासाच्या आधारे सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदण्यात आले. क्षारता सुधारली, मासळी लक्षणीय वाढली आणि २००२ मध्ये रामसर कराराच्या संकटग्रस्त पाणथळींच्या नोंदीतून चिल्काचे नाव वगळले गेले.

अशा प्रतिमानात छत्तीसगडमधील पाऊस आणि महानदीवरील हिराकुड धरणाचा विसर्गही धरावा लागतो. केवळ मुखाशी थांबणारे प्रतिमान पावसाळ्यात अपुरे ठरू शकते.