कापसाच्या रानातून आलेला आवाज

लाऊडस्पीकरचा आवाज फाटू नये, यातच माझं आयुष्य गेलं. कारंजा लाडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सप्ताहातलं कीर्तन असो, लग्न असो की निवडणुकीची सभा, बोलणाऱ्याचा शब्द मागच्या रांगेतल्या म्हातारीला स्वच्छ ऐकू गेला पाहिजे, हा आमच्या धंद्याचा धर्म. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज आत ढकलला की लाटेचे शेंडे कापले जातात. पऱ्हाटीचा शेंडा खुडला की बाजूने फुटवे येतात, तसे त्या कापलेल्या लाटेला मूळ सुराच्या पलीकडचे सूर फुटतात. कोनचा कागद फाटलेला असेल तर त्यात घरघर मिसळते. जगातलं एक मोठं संगीत नेमकं या बिघाडातून उभं राहिलं, आणि तेही कापसाच्या मुलखात. हे कळल्यापासून मी या विषयामागे लागलो आहे.

मार्च १९५१. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली काही पोरं, आयक टर्नरचा बँड, रेकॉर्डिंगसाठी मोटारीने मेम्फिसला निघाली. वाटेत गिटार वाजवणाऱ्या विली किझार्टचा अँप्लिफायर खराब झाला. कोणी सांगतं गाडीवरून पडला, कोणी सांगतं पावसात भिजला. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी नव्याची वाट पाहिली नाही. कोनमध्ये कागद कोंबला आणि जो घरघरता आवाज निघाला तोच ठेवला. ते गाणं ‘रॉकेट ८८’. रॉक अँड रोलचं पहिलं गाणं कोणतं, यावर जाणकार भांडत राहोत. फाटलेल्या गिटारची वंशावळ मी इथूनच धरतो. कोनमध्ये कागद घालून वेळ निभावून नेणं आमच्यातल्या प्रत्येकाने केलेलं आहे. पण निघालेल्या आवाजाकडे कान देऊन ‘हाच राहू द्या’ म्हणायला वेगळी छाती लागते.

ही पोरं मिसिसिपी डेल्टातल्या क्लार्क्सडेलची. सपाट जमीन आणि नजर पोचेल तिथवर कापूस. आधी गुलामांनी वेचलेला, गुलामी संपल्यावर त्यांच्याच लेकरानातवंडांनी बटाईने पिकवलेला. त्या मुलखाचा आणि आमचा संबंध फार जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या आमच्या वऱ्हाडाला तेव्हा महत्त्व चढलं. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले, पण पऱ्हाटी कायमची राहिली. मग जिन आले, प्रेस आले, रेल्वे आली. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी आमची शकुंतला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसासाठीच टाकली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं होतं आणि एप्रिल १९९४ पर्यंत धावत होतं. माझे वडील जिनात कामाला होते. सरकी वेगळी होताना होणारी ती खडखड आणि गाडीची शिट्टी हे माझ्या लहानपणीचे आवाज. आज शकुंतला बंद आहे.

डेल्टातले मजूर काम करताना गात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात वाढलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. त्यातूनच ब्लूज हे संगीत घडलं. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉलच्या कापूसमळ्यावर मडी वॉटर्स नावाचा ट्रॅक्टर चालवणारा गडी राहत होता. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारे अॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क त्याच्या घरी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन पोचले, आणि त्याने पहिल्यांदा आपलाच आवाज यंत्रातून ऐकला. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. पुढच्याच वर्षी क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणारी यंत्रं सर्वांना दाखवण्यात आली. हजारो वेचणाऱ्यांची गरज संपत चालली होती. कारखान्यांच्या शहरांकडे आधीच वाहणारा लोंढा आणखी वाढला. शिकागोच्या दारूच्या अड्ड्यात इतका गलका असे, की साधी लाकडी गिटार कोणाला ऐकू जायची नाही. म्हणून मडीने विजेची गिटार धरली. मला हा सगळ्या कहाणीचा कणा वाटतो: मोठा आवाज हौसेने आला नाही, तो ऐकू जाण्यासाठी आला.

या रेकॉर्डी समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचल्या आणि कामगारांच्या वस्त्यांतली गोरी पोरं त्यांच्यामागे वेडी झाली. मडीच्या १९५० च्या एका गाण्यावरून एका बँडने ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव घेतलं. लंडनचा जिम मार्शल हा ड्रमवाला, वाद्यांचा दुकानदार. त्याने आणि त्याच्या माणसांनी अमेरिकन फेंडर बासमन उघडून पाहिला आणि १९६२ मध्ये तसाच, पण जास्त तापट अँप्लिफायर बनवला. १९६४ मध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अँप्लिफायरचा कोन ब्लेडने मुद्दाम चिरला. किझार्टचं झालं होतं नुकसान, डेव्हिसची होती निवड. चार वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू चीअरने अँप्लिफायरच्या भिंती उभ्या करून तिघांतच कानठळ्या बसवल्या. क्रीम हा बँड आणि गिटारवाला जिमी हेंड्रिक्स तर होतेच.

पण या फाटक्या आवाजातून उभ्या राहिलेल्या हेवी मेटल संगीताचं जन्मगाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. तिथल्या टोनी आयोमीने १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडायचं ठरवलं होतं. वय १७. कामाच्या शेवटच्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून त्याला तिथे उभं केलं, आणि यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन मधल्या बोटांची टोकं तोडली. तो डावखुरा, तारा दाबायचा हात उजवा. आमच्या जिनात बोटं गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हा प्रसंग मी वाचून पुढे जाऊ शकत नाही. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी सूर धरणारा तो वादक. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिची बोटटोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दुखायच्या म्हणून हलक्या लावल्या. पुढे त्या आणखी सैल करून सूर खाली आणला. मेटलचा तो जड, खोल आवाज असा आला. अँप्लिफायर लेनी कंपनीचा, बर्मिंगहॅममध्येच बनलेला.

त्याच्या बँडचं आधीचं नाव ‘अर्थ’. नंतर ‘ब्लॅक सबाथ’. पहिली रेकॉर्ड जवळपास एका दिवसात वाजवून काढली आणि १३ फेब्रुवारी १९७० ला ती बाजारात आली. तिच्यातलं पहिलं गाणं पेटीवर वाजवून पाहा: सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. यमनात हा तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो आणि मन निवतं. इथे पंचम येतच नाही. तो सूर अधांतरी लोंबकळत राहतो आणि अंगावर काटा येतो.

मुंबईला हे वारं लवकर लागलं. सिमला बीट स्पर्धेतल्या बँडच्या रेकॉर्डी १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. १९७२ मध्ये लेड झेपलिन या इंग्लिश बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी रेकॉर्ड केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये वाजवूनही गेले. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला, १९८६ पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक भरू लागलं. कारंज्यापर्यंत यातलं काही आलं नाही. माझ्याकडे आली ती पुण्याला शिकणाऱ्या एका पोराच्या टेपरेकॉर्डरमध्ये अडकलेली कॅसेट. टेप सोडवली, चालते का पाहायला बटण दाबलं, आणि दुकानात तो तीव्र मध्यम वाजला. मला आधी हेडमध्ये बिघाड वाटला. हेड साफ केल्यावरही आवाज तसाच राहिला, तेव्हा बसून पूर्ण ऐकलं.

‘हा गोंगाट आपला नव्हे’, असं मला सांगतात. कापूस वेचणारे, पत्रा कापणारे, बोटं गमावलेले यांचा आवाज वऱ्हाडात परका कसा? उलट यात हिशोबाचीही एक गोष्ट आहे, आणि कापूस पिकवणाऱ्याला ती पटकन कळेल. मिसिसिपीत जन्मलेल्या विली डिक्सनने लिहिलेलं एक गाणं मडी वॉटर्स १९६२ मध्ये गायला. लेड झेपलिनचं १९६९ चं सर्वांत गाजलेलं गाणं त्याच्यावर उभं होतं, आणि रेकॉर्डवर डिक्सनचं नाव नव्हतं. त्याने १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली, पैसे मिळाले, आणि नंतरच्या रेकॉर्डींवर गीतकारांमध्ये विली डिक्सन हे नाव छापलं जाऊ लागलं.