घटकाभराचा वळीव

रोहिणी लागल्या की दुपारून आभाळ काळंनिळं व्हायचं. आम्ही पोरं वैरण झाकायला पळायचो. बाप मात्र बांधावर उभा राहून नुसता वर बघायचा आणि म्हणायचा, “घटकाभर दम धर. वळीव हाय, आपल्याच पाण्यानं मरंल. झाडाखाली तेवढा जाऊ नको.” घटका म्हणजे २४ मिनिटं. बापाला घड्याळ कळत नव्हतं, पण वळीव खरंच तेवढ्यात आटोपायचा.

तो का आटोपतो, हे मला फार उशिरा कळलं. २०१९ च्या ऑगस्टात कृत्रिम पावसासाठी संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, रडार बसवलं आणि चिकलठाण्याहून विमान उडालं. त्या दिवसांत पेपरात ढगांवर बरंच छापून यायचं. मी ते कातरून ठेवायचो, पाऊस पडो न पडो.

तर उन्हाळ्यात रान तापतं, हवा तापून वर चढते. वर गारठा, म्हणून तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, ती ढगाला आणखी वर ढकलते. असा ढग १२-१५ किलोमीटरवर जातो आणि तिथं लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. मग पाणी कोसळतं, सोबत गार हवा ओढून आणतं. पावसाआधी अंगावर येतो तो गार झोत तोच. ही गार हवा ढगाखाली पसरली की खालून येणारी गरम हवा तुटते. ढगाचं जेवणच बंद. बाप अगदी तेच सांगत होता.

कधी तोच झोत शेजारची गरम हवा उचलतो आणि पलीकडं नवा ढग उभा राहतो. म्हणून मृगात आणि हस्तात एकामागं एक सरी येतात. पण तिसरी जात वेगळी. खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्याच दिशेचा, शिवाय जोराचा असला की ढग कलतो. पाणी एका अंगाला पडतं, गरम हवा दुसऱ्या अंगानं शिरत राहते. हा ढग आपल्या पाण्यानं मरत नाही. तासन्‌तास चालतो आणि गारा टाकतो.

ही जात मी २०१४ ला पाहिली. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपीट चालली होती. खाली समुद्राकडून आलेली ओल, वर उत्तरेकडचा गार, जोराचा वारा. आमचा हरभरा उपटून ढीग लावलेले. आभाळ आलं. मंडळी म्हणाल्या, “आवो, ताडपत्री आणा की!”

मी म्हणालो, “घटकाभर दम धर.”

बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा शब्द वळवाचा होता आणि महिना फाल्गुनाचा, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही. घटका गेली, दुसरी गेली. आवळ्याएवढ्या गारा पडत राहिल्या. मंडळी डोक्यावर घमेलं धरून खोपटात आल्या. घमेल्याला पोचे पडले होते.

उघडल्यावर पोरानं एक गार खुरप्यानं फोडली. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक काचेसारखा, एक दुधासारखा. वर चढणारा वारा गारेला ढगात तोलून धरतो, तेवढ्या वेळात तिच्यावर बर्फाचे थर चढतात. पोरगं थर मोजत बसलं. आम्ही दोघं चिखलातून हरभऱ्याचे दाणे वेचत होतो. मंडळी त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत.