कातकरी किशोरांचे आरोग्य : शाळा सुटते तेव्हा काय काय सुटते?

कुटुंबाची मिळकत, आईवडिलांचे शिक्षण आणि डोक्यावरच्या छपराची शाश्वती यांचा मुलांच्या आरोग्याशी निकटचा संबंध असतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मायकेल मारमॉट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००८ मध्ये हीच बाब ठळकपणे मांडली. मात्र गरिबी आणि अल्पसंख्य जमातीतील जन्म या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, तेव्हा किशोरवयीन मुलामुलींच्या वाट्याला काय येते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील कातकरी समाजाकडे पाहिल्यास स्पष्ट होते.

संख्येने थोडे, सरासरीत अदृश्य

खैराच्या झाडापासून कात तयार करणारे ते कातकरी किंवा काथोडी. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदल्या गेलेल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींपैकी ही एक. इंग्रजी अमदानीत जंगले राखीव झाली, तसा काताचा व्यवसाय हातचा गेला आणि समाज मजुरीकडे ढकलला गेला. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख १५ हजार होती. त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास होते. जिल्ह्याची साक्षरता तेव्हा ८२ टक्के होती. पण अशा सरासरीत एखाद्या कातकरवाडीची स्थिती दिसत नाही. शिवाय जिल्ह्याचा कोणताही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे केवळ अनुसूचित क्षेत्रासाठी आखलेल्या योजना येथील आदिवासींपर्यंत पोहोचत नाहीत.

वाढीचे वय आणि स्थलांतराचा हंगाम

१० ते १९ हे किशोरवय मानले जाते. प्रौढ वयातील वजनाचा जवळपास निम्मा वाटा याच काळात शरीर कमावते. मुलींची मासिक पाळी सुरू होते, लोहाची गरज वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हा प्रश्न केवळ आदिवासींचा नाही. पण त्यातून बाहेर पडण्याचे मार्ग सर्वांना सारखे उपलब्ध नाहीत.

भातकापणी आटोपली की अनेक कातकरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. घरातील वाढत्या वयाचा मुलगा किंवा मुलगी म्हणजे कामाचे आणखी दोन हात, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळणारे माणूस. पाल ठोकून राहायचे, पाणी दुरून आणायचे, धूळ आणि धुरात दिवस काढायचा. खाण्यात भातच अधिक. गावाकडे असताना मिळणारे खेकडे, ओढ्यातील मासे, रानभाज्या आणि कंद यांचा आधारही तेथे उरत नाही.

शाळा हेच आरोग्यकेंद्र

ग्लासगो येथील संशोधक पॅट्रिक वेस्ट यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस एक लक्षवेधी निरीक्षण मांडले होते. बालपणी आणि प्रौढपणी ठळक दिसणारी आरोग्यातील वर्गीय दरी किशोरवयात काही काळ पुसट होते. शाळा आणि समवयस्कांचा सहवास यांमुळे घरच्या परिस्थितीचा प्रभाव कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हेच सूत्र उलट्या बाजूने वाचले, तर कातकरी मुलांचे नुकसान ध्यानात येते.

आपल्याकडे किशोरांच्या आरोग्याच्या बहुतेक सेवा शाळेच्या दारातून येतात. मध्यान्ह भोजन, आरोग्य तपासणी, जंतनाशक गोळी, तसेच सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा मिळणारी लोह व फॉलिक अॅसिडची गोळी, या सर्वांचा केंद्रबिंदू शाळा आहे. मूल भट्टीवर गेले की केवळ धडा बुडत नाही. जेवण, गोळी आणि तपासणी एकाच वेळी सुटते. शाळाबाह्य मुलींना लोहाची गोळी अंगणवाडीतून देण्याची तरतूद आहे. शाळाबाह्य मुलग्यांसाठी मात्र तशी तरतूद नाही.

गावात राहणाऱ्यांसाठीही चौदावे वर्ष उंबरठ्याचे ठरते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंत आहे आणि मध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच आहे. १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी केंद्राची पोषण योजना ईशान्येकडील राज्ये वगळता केवळ आकांक्षित जिल्ह्यांपुरती आहे आणि त्यांत रत्नागिरीचा समावेश नाही. वाढ सर्वाधिक मागणी करत असताना आधार मात्र ओसरतो. त्यातच मुलीचे लग्न लवकर झाले, तर अशक्त किशोरी अशक्त माता होते आणि कमी वजनाच्या बाळाच्या रूपाने हे चक्र पुढे चालू राहते.

उपाय कोणते?

केवळ मजुरी वाढल्याने हे चित्र पालटणार नाही. अनेक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या असतात. तेथे घर, शौचालय वा नळजोडणीला अडथळे येतात. जातीचा दाखला नसला की वसतिगृह आणि शिष्यवृत्ती दुरावते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम जनमन’ अभियानात आदिम जमातींसाठी पक्की घरे, पाणी आणि फिरती आरोग्य पथके यांचा समावेश आहे. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची योजनाही राज्यात आहे. ही वसतिगृहे कुटुंबे भट्टीवर जाण्याआधी सुरू झाली आणि फिरत्या पथकांनी वाडीबरोबर भट्टीही आपल्या फेरीत धरली, तर सुटलेले बरेच काही पुन्हा हाती येईल. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तेव्हा शाळेतून मिळणाऱ्या सेवांनी त्याच्यापर्यंत जावे, हाच या प्रश्नाचा गाभा आहे.