बिऱ्हाड हलवण्यापूर्वी : पुण्याच्या पेठा



बैल विकत घ्यायचा झाला तर आपण काय करतो? त्याचे दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. सोयरीक जुळवायची झाली तर नुसत्या निरोपावर कोणी भागवीत नाही. माणूस स्वतः जातो, घर पाहतो, पाण्याची सोय पाहतो, शेजारीपाजारी चौकशी करतो. पण शहरात बिऱ्हाड हलवायचे म्हटले की ही सारी रीत आपण विसरतो. मुलाला पुण्यास नोकरी लागली, किंवा मास्तरांनी तिकडे जागा धरली, की कोणी ओळखीचा माणूस कळवतो, 'खोली चांगली आहे, ठरवून टाका.' आणि आपण भांडीकुंडी बांधून मोकळे होतो. मग सहा महिन्यांनी रडगाणे सुरू होते. पाणी अवेळी येते, शाळा लांब, बाजार दूर, आणि शेजारी कोण हेच ठाऊक नाही.

तेव्हा आज एवढेच सांगायचे आहे. पुण्यास राहायला जायचा विचार असेल तर आधी दोन दिवस मोकळे काढा आणि तिथल्या जुन्या पेठा पायी फिरा. पुढे राहायला तुम्ही पेठेत जा की उपनगरात. पण वस्ती कशी पारखावी, हे त्या पेठांतून चालताना जसे कळते तसे दुसरीकडे कळत नाही. याचे कारण त्यांच्या इतिहासात आहे.

सुरुवात कसब्यापासून करावी. एका बाजूला मुठा नदी आणि दुसऱ्या बाजूला नागझरीचा ओढा, यांच्यामधली ही जुनी वस्ती म्हणजे मूळचे पुणे. सोळाशे तीसच्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने हे गाव जाळले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. गाव ओसाड पडले. पुढे जिजाबाई बाल शिवाजींना घेऊन येथे आल्या, तेव्हा सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून त्यांनी जमीन पुन्हा शुभ केली असे परंपरा सांगते. कसबा गणपतीचे देऊळ उभे राहिले, लाल महाल उठला. (आज दिसतो तो लाल महाल मात्र अलीकडच्या काळात महानगरपालिकेने बांधलेला आहे, बरं का.) या कथेतला अर्थ तुम्हां शेतकऱ्यांना समजावून सांगायला नको. पळालेले कूळ परत आणायचे तर त्याला भरवसा द्यावा लागतो. नांगर, देऊळ आणि धन्याचे राहते घर, हा तो भरवसा होता.

कसब्याच्या गल्ल्यांतून चाला आणि नावे ऐका. तांबट आळी, कुंभारवाडा. तांबट आळीत आजही काही घरांतून तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचे ठोके ऐकू येतात. तुमच्या गावातही सुतारवाडा आहे, कुंभार आळी आहे. म्हणजे जी रचना तुम्ही लहानपणापासून पायाखाली घातलीत तीच येथे मोठी होऊन समोर येते. म्हणून मी म्हणतो, की पेठ वाचण्याच्या कामी खेड्यातला माणूस शहरातल्यापेक्षा कमी नाही. झाला तर सरसच ठरेल.

कसब्यातून पाच-दहा मिनिटांत शनिवारवाड्यापाशी येता येते. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. राज्याचा कारभार येथून चालू लागला, तशी माणसे पुण्याकडे लोटली. शिपाई आले, कारकून आले, सावकार, भिक्षुक, कासार, विणकर आले. त्यांना ठेवायचे कोठे? येथे पेशव्यांच्या कारभाराची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नवी पेठ वसवायची म्हणजे नुसती जागा आखून द्यायची नव्हे. पेठेला शेट्या-महाजन नेमायचे, वस्तीला येणाऱ्यांना कौल द्यायचा, काही वर्षे करात सूट द्यायची, दुकानांना रस्त्यालगत जागा द्यायची. व्यापारी आला म्हणजे गिऱ्हाईक येते, गिऱ्हाईक आले म्हणजे कारागीर येतो. जुन्या पुऱ्यांना या काळात वारांची नावे मिळाली. मुर्तजाबादची शनिवार पेठ झाली, मलकापूरची रविवार पेठ झाली, शहापूरची सोमवार पेठ झाली. पुढे माणसांच्या नावांच्याही पेठा झाल्या. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, १७७३ साली ज्यांचा खून झाला त्या नारायणरावांची नारायण पेठ, आणि नाना फडणविसांची नाना पेठ.

प्रत्येक पेठेत राहणे आणि धंदा एकमेकांस लागून होते. खाली दुकान, वर बिऱ्हाड. कोपऱ्यावर मारुती, पलीकडे आड किंवा हौद. गाडी-घोडा थोड्यांच्याच दारी. बाकी साऱ्यांना रोजचे काम पायी उरकायचे असे. म्हणून वस्ती अशी दाट झाली, की घरातली बाई चुलीवर भात ठेवून कोपऱ्यावरून वाणसामान घेऊन परत यावी. तुम्ही खोली बघायला जाल तेव्हा हीच कसोटी लावा. घरापासून वाणी, पिठाची गिरणी, डॉक्टर, शाळा आणि बसथांबा किती पावलांवर आहे, हे मोजा. खोली दाखवणारा मनुष्य 'हे काय, पाच मिनिटांवर' असे म्हणेल. त्याची पाच मिनिटे गाडीची असतात. तुम्ही पायी जा, आणि जमलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा.

आता पाण्याकडे वळू. वस्ती वाढली तशी आडांना पुरवठा होईना. म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, दक्षिणेकडच्या कात्रजच्या खोऱ्यात तलाव बांधून तिथले पाणी दगडी बांधणीच्या नळातून शहरात आणले. जमिनीखालचा हा नळ इतका मोठा, की त्यात माणूस उतरून साफसफाई करी. वाटेत जागोजाग हवा खेळण्यासाठी उच्छ्वास ठेवले होते. कोठे यंत्र नाही, पंप नाही. केवळ उताराच्या हिशेबाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आले. वाड्यातली कारंजी त्यावर उडत, आणि पेठांतले सार्वजनिक हौदही त्यावर भरत. शुक्रवार पेठेतल्या काळ्या हौदाचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे.

मात्र येथे जरा थांबले पाहिजे. हौद भरला म्हणजे सर्वांना पाणी मिळाले, असे नव्हते. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरवले होते त्यांना या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. हौद शंभर पावलांवर असला तरी त्या माणसाला तो शंभर कोसांवर होता. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ही पेठ आता महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते, आणि ते घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. पुण्यात दोनच ठिकाणी जायला वेळ असेल तर त्यांतले एक हे असू द्या.

आणि याच जोतीरावांनी १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. घरापासून शाळेपर्यंतची त्यांची वाट काही फार लांबची नव्हती. पेठांतल्या वाटा लांबच्या नसतातच. पण त्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकीत, म्हणून त्या जवळ दुसरे लुगडे ठेवीत, अशी हकीकत सांगतात. ज्या गल्ल्यांना आपण गमतीने मोजून पाहत आहोत, त्याच गल्ल्या एका शिक्षिकेला रोज अशा तुडवाव्या लागत होत्या. शिक्षकबंधू आणि भगिनींनो, भिडे वाड्याच्या जागेपाशी जाल तेव्हा हे आठवा.

म्हणून वस्ती पाहताना दुसरी कसोटी लावा. ही आळी कोणाकोणाला सामावून घेते? आपल्या घरातली मुलगी शिकवणी संपवून रात्री आठ वाजता येथून एकटी चालत येईल काय? खोली देताना मालक आधी आडनाव विचारतो काय? हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण भाड्याच्या आकड्याहून त्यांची उत्तरे महत्त्वाची आहेत. ती तोंडी फारशी मिळत नाहीत. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि दिवेलागणीनंतर एकदा त्याच रस्त्याने फिरलात, तर तुमची तुम्हांला कळतात.

बुधवारातच अप्पा बळवंत चौक आहे. तेथे पुस्तकांच्या दुकानांची रांगच लागली आहे. शिक्षकांचा पाय तेथून सहज निघत नाही. पूर्वेस रविवार पेठ आहे. तिथल्या बोहरी आळीत ठोक व्यापाराची एवढी गर्दी असते, की दिवसा चालणे कठीण. दक्षिणेस शुक्रवारात मंडई. पूर्वी भाजीचा बाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरे. १८८६ साली अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत उभी राहिली आणि बाजार तिकडे गेला. मंडईतून दोन पिशव्या भरून घ्या आणि जी खोली तुम्ही पाहिली आहे तेथवर पायी चालत जा. हात किती वेळा बदलावा लागला, यावरून अंतर कळेल.

पश्चिमेस सदाशिव आणि नारायण या पेठा विद्यार्थ्यांच्या आणि शाळांच्या. १८८० साली चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८४ साली मुलींसाठी हुजूरपागेची शाळा निघाली. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती तेथे मुली शिकू लागल्या, म्हणून शाळेला ते नाव पडले. परगावची मुले येथे खोल्या घेऊन राहतात, ती शाळा-कॉलेज आणि खाणावळ पायांच्या टप्प्यात मिळते म्हणून.

नारायण पेठेतून पुढे उतरलात की नदी लागते. येथे तिसरी कसोटी. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार, अशा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मातीच्या भिंतींचे वाडे भिजून बसले; पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार काही तासांत गेले. शहराला पाणी देणारे धरणच गेल्यामुळे नळ बंद पडले, आणि लोकांना जुन्या आडांची आठवण झाली. पूरग्रस्तांसाठी पुढे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती उठल्या. म्हणजे एका सकाळीने हजारो लोकांची बिऱ्हाडे हलवली. विचार करायला त्यांना वेळ मिळाला नाही. तुम्हांला तो आहे. म्हणून घर पाहताना पावसाळ्याची चौकशी करा. धरणातून पाणी सोडले की आजही नदीपात्रालगतच्या रस्त्यांवर पाणी चढते. 'येथे पाणी कोठवर येते?' हे मालकाला विचारू नका. समोरच्या टपरीवाल्याला विचारा.

पेठांचे सारेच गोड आहे असेही नाही. वाडे पडले, त्यांच्या जागी उंच इमारती उठल्या. गल्ल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. जी वाट पालखीसाठी आणि बैलगाडीसाठी होती तिच्यावर आज दुचाक्यांची रीघ असते. फुटपाथ कोठे आहे, कोठे नाही. आहे तेथे विक्रेत्यांनी व्यापलेला. ११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने लक्ष्मी रस्ता काही तास गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला. पायी चालणाऱ्यांसाठी वसलेल्या शहरात त्यांच्यासाठी असा वेगळा दिवस ठेवावा लागावा, याचा विचार ज्याचा त्याने करावा. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा, मंडई या भागांखालून धावू लागली आहे. तिने लांबचे येणे-जाणे सोपे झाले. पण स्टेशनातून बाहेर पडल्यावर पुढची वाट पुन्हा पायांचीच.

आता कोणी म्हणेल, आम्हांला पेठेतले भाडे परवडणार कोठून? आम्ही जाणार हडपसरला, नाहीतर धायरीला. खरे आहे. पण मग त्या नव्या वस्तीला हेच प्रश्न विचारा. पाणी कोठून येते आणि उन्हाळ्यात किती दिवस टँकर लागतो? बाजार, शाळा, दवाखाना पायी गाठता येतो का? रात्रीची वाट कशी आहे? पावसाळ्यात ओढा कोठून वाहतो? शेजार आपल्याला जवळ करील का? पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी यांतल्या काहींची उत्तरे वस्तीच्या आधी शोधली आणि काहींकडे पाठ फिरवली. ती पुढे फुल्यांना शोधावी लागली. आजच्या बांधकामवाल्याने कोणती शोधली आहेत, हे तुम्ही चालल्याशिवाय तुम्हांला कोण सांगणार?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सहावी-सातवीच्या मुलांना आपल्याच गावाचा असा नकाशा काढायला लावा. आळ्या, आड, देवळे, शाळा, आणि पूर्वी कोणाला कोठे पाणी भरू देत नसत, तेही त्यात दाखवू द्या. उद्या ही मुले कामधंद्यासाठी शहरात जाणारच आहेत. गाव पायी वाचायला शिकलेला मुलगा शहरात गांगरत नाही.

आणि ज्यांच्या घरी बिऱ्हाड हलवायची बोलणी चालू आहेत, त्यांनी येत्या सुट्टीत एसटीने पुण्यास जावे. स्वारगेटला उतरावे, पायांत मजबूत वहाणा असाव्यात, आणि घरातल्या बाईमाणसाला बरोबर न्यावे. कारण पाण्याचा हंडा आणि बाजाराची पिशवी बहुतेक घरांत तिच्याच हाती असते. दोन दिवस फिरून परत आलात की सारे एकत्र बसून बोला. जावयाचे ठरले तर डोळसपणे जाल. नाही ठरले, तरी हलवलेले बिऱ्हाड पुन्हा बांधून परत येण्यापेक्षा एसटीचे दोन दिवसांचे भाडे स्वस्तच पडले म्हणायचे.