कंपवाताची गोळी कशी घ्यावी, कशी सांभाळावी? सेमाडोहसारख्या गावातल्या रुग्णांसाठी सोपी माहिती

सेमाडोह हे अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यातलं, सिपना नदीकाठचं गाव. मेळघाटच्या जंगलात वसलेल्या या गावातून औषधांच्या मोठ्या दुकानांसाठी घाट उतरून परतवाडा गाठावं लागतं. घरात कंपवाताचा (पार्किन्सन्स) रुग्ण असेल, तर हे अंतर लक्षात ठेवूनच औषधाचं नियोजन करायला हवं. कारण ही गोळी मध्येच संपून चालत नाही.

ही गोळी नेमकं काय करते?

कंपवातात मेंदूतलं डोपामाइन कमी होतं. हात थरथरतात, अंग ताठरतं, चाल मंदावते. लेव्होडोपा मेंदूत पोहोचून डोपामाइन बनतं. सोबतचं कार्बिडोपा त्याला वाटेतच खर्च होऊ देत नाही. आजार यामुळे बरा होत नाही, पण हालचाल सुधारते.

विकत घेताना काय पाहायचं?

- हे शेड्यूल एचमधलं औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
- नावासोबत आकडाही जुळवा. सिंडोपा ११० मध्ये १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा असतं, तर सिंडोपा २७५ मध्ये २५० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीत थेट अडीचपट फरक!
- नावापुढे ‘सीआर’ असेल, तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. ती चावू किंवा कुटू नका. साध्या गोळीऐवजी ती परस्पर घेऊ नका.
- दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर दोन्ही घटकांचं प्रमाण तपासा आणि डॉक्टरांना कळवा.
- पक्कं बिल घ्या, मुदत पाहा. जनऔषधी केंद्रात स्वस्त पर्याय आहे का, तेही विचारा.

कधी घ्यायची?

साधी गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने घ्या. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांमुळे काहींना गोळीचा गुण कमी येतो. मळमळ होत असेल, तर सोबत भाकरीचा तुकडा चालतो. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीत आणि हिच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा. एक वेळ चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

लघवी किंवा घाम गडद दिसला, तर घाबरू नका. पण उठताना चक्कर येणं, भास होणं, अंग आपोआप वळवळणं किंवा दिवसा अचानक झोप लागणं, यांपैकी काही झालं तर डॉक्टरांना सांगा. झोप येत असेल, तर गाडी चालवू नका.

एकदम बंद का करायची नाही?

गोळी अचानक थांबली, तर तीव्र ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि भ्रम अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. असं दिसलं, तर १०८ला फोन करा. पावसाळ्यात घाटरस्ता अडू शकतो. म्हणून किमान दोन आठवड्यांचा साठा उरलेला असतानाच पुढच्या गोळ्या आणा.

खाजकुयलीचं काय?

या रानवेलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं. १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी ते या बियांतून वेगळं केलं होतं. पण ‘जंगलातलं आहे, अपाय नाही’ असं समजू नका. बियांच्या चूर्णात औषध किती, हे घरी मोजता येत नाही. गोळीसोबत चूर्ण घेतलं, तर मात्रा जास्त होऊ शकते. घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

उलटी किंवा चक्कर आली तर?

मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन ही उलटी-चक्करेवरची नेहमीची औषधं कंपवात वाढवू शकतात. कुठल्याही दवाखान्यात इंजेक्शन किंवा गोळी घेण्याआधी ‘कंपवात आहे’ हे आधी सांगा.

घरी कशी ठेवायची?

वऱ्हाडचा उन्हाळा कडक. गोळ्या पत्र्याखाली, चुलीजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. पाकिटातच, कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा.

डॉक्टरांना कसं गाठायचं?

मेंदूविकारतज्ज्ञांकडे दर वेळी जाणं शक्य नसेल, तर ई-संजीवनी या मोफत सरकारी सेवेतून डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. नेटवर्क नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. गोळीचं नाव, आकडा आणि वेळा एका कागदावर लिहून तो रुग्णाच्या खिशात ठेवा. घरापासून दूर असताना काही झालं, तर हाच कागद डॉक्टरांच्या कामी येतो.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. मात्रा ठरवणं किंवा बदलणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)