अँटिगनी : दैवी नियम आणि राजाचा हुकूम

भावाच्या प्रेतावर मूठभर माती टाकल्याबद्दल एका राजकन्येला मृत्युदंड दिला जातो. सोफोक्लिसच्या 'अँटिगनी' या शोकांतिकेचे कथासूत्र एवढेच आहे. इसवी सनपूर्व ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये सादर झालेल्या या नाटकाने एक प्रश्न मात्र कायमचा मांडून ठेवला. राज्याचा कायदा आणि त्याहून जुना, अलिखित असा धर्मनियम एकमेकांसमोर उभे ठाकले, तर माणसाने कोणता पाळावा?

मामाचा हुकूम, भाचीचा नकार

थीब्जचा राजा ईडिपस याची कहाणी पु. ल. देशपांडे यांच्या 'राजा ओयदिपौस' या अनुवादामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. 'अँटिगनी' ही त्याच्या मुलांची कथा. ईडिपसचे मुलगे इटिओक्लिस आणि पॉलिनायसिस यांच्यात राज्यावरून वैर जुंपले. पॉलिनायसिसने आर्गोसचे सैन्य घेऊन स्वतःच्याच नगरीवर चाल केली आणि युद्धात दोघेही एकमेकांच्या हातून मारले गेले. गादीवर आलेला त्यांचा मामा क्रेऑन याने हुकूम काढला : नगरीसाठी लढलेल्या इटिओक्लिसला सन्मानाने मूठमाती द्यावी, पॉलिनायसिसचे प्रेत मात्र कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकावे. हुकूम मोडणाऱ्यास दगडांनी ठेचून मारले जाईल.

धाकटी बहीण इस्मिनी मदतीस नकार देते. अँटिगनी एकटीच जाते, पकडली जाते आणि गुन्हा नाकारत नाही. क्रेऑन तिला थोडे अन्न देऊन गुहेत जिवंत कोंडण्याची आज्ञा देतो. वृद्ध द्रष्टा टायरेसियस त्याला देवांच्या कोपाची जाणीव देतो, तेव्हा कुठे राजा नमतो. आधी मुलीला सोडवावे आणि मग प्रेताला मूठमाती द्यावी, असा सल्ला त्याला मिळालेला असतो. तो नेमका उलट क्रमाने जातो. तोपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. तिच्याशी विवाह ठरलेला क्रेऑनचा मुलगा हेमॉन तिच्याशेजारी प्राण देतो आणि ही वार्ता ऐकून राणी युरिडिसीही आत्मघात करते. क्रेऑन तेवढा जिवंत उरतो.

अलिखित नियम कोणते?

प्राचीन ग्रीकांच्या लेखी अंत्यविधी हा केवळ शोकाचा उपचार नव्हता. प्रेताला स्नान घालणे आणि विलाप करणे हे घरातील स्त्रियांचे कर्तव्य होते. मृतावर पाताळातील देवांचा हक्क आहे आणि अंत्यविधीवाचून त्याला तेथे नीट थारा मिळत नाही, अशी श्रद्धा होती. अँटिगनी प्रेतावर कोरडी माती पसरते आणि तीन वेळा तर्पण करते. विधी पुरा होण्यास तेवढे पुरेसे मानले जाई.

चौकशीच्या प्रसंगात ती आपली बाजू मांडते. माणसाने काढलेली दवंडी देवांच्या अलिखित आणि अढळ नियमांना रद्द करू शकत नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. येथे शब्दांची निवड बोलकी आहे. क्रेऑन आपल्या आज्ञेला कायदा म्हणतो. अँटिगनी तिला केवळ दवंडी म्हणते. नाटकाच्या आरंभी तर ती मामाचा उल्लेख राजा म्हणूनही करीत नाही, सेनापती म्हणून करते. पुढे ॲरिस्टॉटलने 'ऱ्हेटरिक' या ग्रंथात निसर्गसिद्ध न्यायाचे उदाहरण म्हणून तिच्याच या युक्तिवादाचा दाखला दिला.

क्रेऑनलाही बाजू आहे

आज क्रेऑन हा सरळसरळ जुलमी राजा वाटतो. अथेन्सच्या प्रेक्षकांना तो तसा पहिल्या प्रवेशापासून वाटला असेल, असे मानण्याचे कारण नाही. परचक्रातून नुकत्याच बचावलेल्या नगरीचा तो नवा शासक आहे. नगरी हे आपल्या सर्वांना तारणारे जहाज असून, तिच्यापेक्षा आप्तमित्रांना मोठे मानणारा माणूस कुचकामी होय, असे तो सांगतो. सुमारे शंभर वर्षांनी, इसवी सनपूर्व ३४३ मध्ये, डेमॉस्थेनिस या वक्त्याने देशनिष्ठेचा आदर्श म्हणून क्रेऑनचे हेच भाषण न्यायालयात वाचून दाखवायला लावले.

शिवाय असा कायदा खुद्द अथेन्समध्ये होता. देशद्रोह्याला ॲटिकाच्या भूमीत दफन करण्यास तेथे बंदी होती. पर्शियनांविरुद्ध विजय मिळवून देणारा थेमिस्टोक्लिस पुढे देशद्रोही ठरला आणि परदेशी वारला. त्याच्या आप्तांनी त्याच्या अस्थी गुपचूप मायदेशी आणून पुरल्याची वदंता थ्युसिडिडीस या इतिहासकाराने नोंदवली आहे. म्हणजे अँटिगनीने जे केले, ते प्रेक्षकांच्या ऐकिवातले होते.

मग क्रेऑनचे चुकले कोठे? अथेन्सच्या कायद्याने देशद्रोह्याला स्वतःच्या सीमेबाहेर ठेवले. बाहेर कोणी त्याला मूठमाती दिली तर त्यास हरकत नव्हती. क्रेऑन दफनच नाकारतो. टायरेसियसचा आरोप नेमका यावर बोट ठेवतो : जो भूमीखाली जायला हवा त्याला राजाने वर ठेवले आणि जी वर असायला हवी तिला जिवंतपणी खाली गाडले. शासनाची सत्ता जिवंतांवर चालते. मृत्यूनंतरही शिक्षा चालू ठेवू पाहणारे शासन आपल्या अधिकाराची हद्द ओलांडते, हे नाटकाचे सांगणे आहे.

न्यायालय नसलेली नगरी

ग्रीक रंगभूमीने या संघर्षाचे वेगळे उत्तरही सुचवले होते. इसवी सनपूर्व ४५८ मध्ये सादर झालेल्या ईस्किलसच्या 'युमेनिडिस' या नाटकात मातृहत्या करणाऱ्या ओरेस्टिसचा सूडदेवता पाठलाग करतात. अखेर अथीना देवी अथेन्सच्या नागरिकांचे न्यायालय नेमते. मते समसमान पडतात आणि आरोपी सुटतो. पण सूडदेवतांनाही नगरीत मानाचे स्थान मिळते. दैवी नियम आणि मानवी कायदा यांचा मेळ येथे न्यायसंस्थेद्वारे घातला जातो.

सोफोक्लिसच्या थीब्जमध्ये असे न्यायालय नाही. क्रेऑन हाच कायदा करणारा, आरोप ठेवणारा आणि शिक्षा देणारा आहे. लोक कुजबुजत अँटिगनीची बाजू घेत आहेत, हे हेमॉन बापाला सांगून पाहतो. परंतु एका माणसाच्या मालकीची नगरी ही नगरीच नव्हे, हे त्याचे म्हणणे क्रेऑनच्या कानी शिरत नाही. अँटिगनीही तडजोड जाणत नाही. मागाहून मरणात सहभागी होऊ पाहणाऱ्या इस्मिनीला ती झिडकारते. वृंद तर तिला स्वतःच्याच नियमाने चालणारी म्हणतो. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द एरवी स्वायत्त नगरराज्यांना लावला जाई. दोन्ही बाजू न्याय्य पण एकांगी आहेत, असे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने म्हटले, ते यामुळेच.

धर्माच्या नावाने कायदाभंग

मृतांविषयीचे कर्तव्य नेहमी दुर्बलांच्याच बाजूला असते असेही नाही. इसवी सनपूर्व ४०६ मध्ये आर्जिनुसीच्या सागरी युद्धात अथेन्सचा विजय झाला; पण वादळामुळे बुडणाऱ्या सैनिकांना वाचवता आले नाही आणि प्रेतेही गोळा करता आली नाहीत. संतप्त लोकसभेने आठ सेनापतींना एकत्रितपणे दोषी ठरवले आणि हाती लागलेल्या सहांना ठार केले. प्रत्येकाचा स्वतंत्र खटला चालवण्याचा नियम धुडकावण्यात आला. त्या दिवशीच्या अधिकारी मंडळातील सॉक्रेटिसने हा ठराव बेकायदा असल्याचे सांगून अखेरपर्यंत विरोध केला. येथे मृतांचा कैवार बहुमताने घेतला होता आणि मानवी कायद्याच्या बाजूने एक माणूस उभा होता. पुढे अथेन्सवासीयांना पश्चात्ताप झाला, पण गेलेले जीव परत आले नाहीत.

तुरुंगातील क्रेऑन

विसाव्या शतकात हे नाटक पुन्हा पुन्हा उभे राहिले. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये १९४४ साली जाँ आनुईच्या 'अँटिगनी'चे प्रयोग झाले. दक्षिण आफ्रिकेत अ‍ॅथॉल फ्यूगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्ट्शोना यांनी १९७३ मध्ये 'द आयलंड' रंगमंचावर आणले. त्यातील दोन कैदी तुरुंगात 'अँटिगनी'ची तालीम करतात. या कल्पनेला वास्तवाचा आधार होता. रॉबेन बेटावरील राजकीय कैद्यांनी खरोखरच हे नाटक केले होते आणि त्यात क्रेऑनची भूमिका नेल्सन मंडेला यांनी केली होती.

राज्याचा कायदा मोडल्याबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या माणसाने कायदा करणाऱ्या राजाची वस्त्रे चढवली. क्रेऑनचा ताठरपणा आणि आंधळेपणा नेत्याला शोभत नाही, न्यायाला दयेची जोड हवी, असा धडा मंडेला यांनी त्यातून घेतल्याचे आत्मचरित्रात नमूद केले आहे. १९९४ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा कायद्याचा दंड त्यांच्याच हाती आला.